एक्केचाळीस नंबरचा ठेका

कॅसेट हातात देण्याआधी कांबळे मिस्त्री समोरच्याला एक गोष्ट सांगायचे, आणि ती त्याच्या डोक्यात शिरली आहे याची खात्री करून घ्यायचे. "हे तुमचं एकट्याचं न्हाय. उद्या दुसऱ्याच्या मांडवात वाजलं तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय. कळलं का?" समोरच्यानं मान डोलावली की ते माझ्याकडे वळायचे. "लिवा वैनी." मग मी वहीत लिहायचे: ठेक्याचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, गाव, कशासाठी नेला.

शाहूपुरीत आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंगची सोय होती. नव्वदच्या आसपास आम्ही ती सुरू केली. आमचे हे मशिनवर बसायचे. वही, वेळापत्रक, चहा आणि लोकांची भांडणं माझ्याकडे. भजनी मंडळं यायची, गायन पार्ट्या यायच्या, ऑर्केस्ट्रावाले, नाचाचे ग्रुप, निवडणुकीच्या दिवसांत प्रचारवाले. बहुतेकांकडे गाणारा असायचा, वाजवणारा नसायचा. त्यांच्यासाठी मिस्त्री तयार ठेके करून ठेवायचे. ढोलकी, हलगी आणि त्याखाली कीबोर्डवरचा खर्ज, एवढंच, चार-पाच मिनिटांचं. नेणाऱ्यानं त्यावर आपलं गाणं म्हणायचं किंवा नाचायचं.

ही त्यांची नोकरी नव्हती. नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तसाच लाकडी नमुना करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा उठवतात आणि त्या पोकळीत रस ओततात. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. एका पॅटर्नवरून हवे तेवढे नग निघतात. मिस्त्री बावीस वर्षं पॅटर्न करत होते. पहिली पाळी संपली की सायकलवरून आमच्याकडे यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, हातावरच्या केसांत लाकडाचा भुसा. आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, मग ऑक्टोपॅडला, म्हणजे काठ्यांनी वाजवून ढोलकी-हलगीचे आवाज काढायच्या पॅडला, हात लावायचे. खुर्ची दिली तरी स्टुलावरच बसायचे, कारण टेकलं की हात ढिला पडतो, असं त्यांचं मत होतं.

एखादी गोष्ट चांगली झाली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "बसलं." नाही तर, "न्हाय बसलं." शिराही बसायचा, ठेकाही बसायचा, माझ्या दिरानं केलेलं लग्नसुद्धा बसलं नव्हतं.

त्यांचे ठेके किंचित सावकाश असायचे. आमच्या ह्यांनी एकदा त्याबद्दल टोकलं तेव्हा मिस्त्रींनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं, की लोखंड गार होताना आटतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा जरा मोठं करायचं असतं. तसंच गाणारी माणसं मांडवात गेली की पळतात. म्हणून ठेका आधीच जरा मागं धरायचा. मग मांडवात तो बरोबर मापाला येतो. आमचे हे म्हणाले, पटण्यासारखं आहे. मिस्त्री म्हणाले, पटायला कशाला पाहिजे, मोजून बघा.

एकच ठेका अनेकांना द्यावा की एकालाच, यावर आमच्या घरात बराच वाद झाला आहे. ह्यांचं म्हणणं होतं की एकाला द्यावा आणि चांगला भाव घ्यावा. माल सगळ्यांकडे असला की त्याची किंमत राहत नाही. मी दोन्ही बाजूंचे मुद्दे कागदावर समोरासमोर लिहून काढले होते, आणि दोन्ही बाजू सारख्याच भरल्या होत्या. मिस्त्रींनी तो कागद वाचला, घडी केली आणि मला परत दिला. म्हणाले, "पॅटर्ननं नुसती पोकळी हुती, वैनी. तिच्यात कोण काय ओततंय ते ज्याचं त्याचं. पोकळीसाठी कशाला भांडायचं?"

भांडणारे अर्थात होतेच. एकदा नाचाच्या स्पर्धेत कागलचा एक ग्रुप आणि इचलकरंजीचा एक ग्रुप लागोपाठ स्टेजवर आले, दोघांचाही ठेका तेवीस नंबरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडचे मॅनेजर आमच्या दारात. मी वही काढली. दोघांच्याही नावापुढे मिस्त्रींनी बजावल्याची खूण होती. मिस्त्रींनी दोघांना एकाच बाकावर बसवलं आणि दोघांसमोर चहा ठेवायला लावला. चहा संपेपर्यंत दोघांची मूळ तक्रार विसरली गेली होती आणि वाद कुणाचा नाच चांगला झाला यावर आला होता. मिस्त्री स्पर्धेला स्वतः गेले होते, मागच्या रांगेत बसले होते. कागलवाल्यानं त्यांनाच विचारलं, आता तुम्हीच सांगा.

"कुणाचं बी न्हाय बसलं," मिस्त्री म्हणाले. "तेविसात मधी चार मात्रा मोकळ्या सोडल्यात. कायतरी कराल म्हणून सोडल्यात. तितं तुमी दोघं बी बसची वाट बघत असल्यागत हुबं राहिलासा."

दोघंही गेले. पुढच्या वर्षी दोघंही पुन्हा ठेका न्यायला आले.

आता मिस्त्रींची दुसरी बाजू. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फाउंड्रीत एका गिऱ्हाइकानं स्वतःसाठी एक पॅटर्न करवून घेतलं होतं. वरच्या साहेबानं सांगितलं की त्यावरून थोडे जादा नग ओता, दुसऱ्या एका पार्टीला हवे आहेत, कुणाला कळणार नाही. मिस्त्रींनी ते पॅटर्न फळीवरून उतरवलं, कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून घरी आले. साहेबानं त्यांना आठ दिवस घरी बसवलं. मी त्यांना विचारलं होतं, की तुमचा ठेका तुम्ही दहा जणांना देता, मग तिथं दोघांना दिलं तर काय बिघडलं? त्यांनी माझ्याकडे, मी बेरीज चुकल्यासारखं पाहिलं.

"आधी काय बोललोय त्याच्यावर हाय सगळं," ते म्हणाले. "सगळ्यांचं म्हणून दिलं तर सगळ्यांचं. एकट्याचं म्हणून दिलं तर त्याचं. मग त्यातलं माझ्याकडं काय बी ऱ्हात न्हाय."

त्या आठ दिवसांत ते रोज सकाळी आमच्याकडे आले आणि त्यांनी एक्केचाळीस नंबर केला.

मला संगीतातलं फार कळत नाही, पण एक्केचाळीस मला अजून सांगता येतो. आठ मात्रांचा. पाच मात्रा हलगी आणि ढोलकी बरोबर चालतात. सहाव्या मात्रेला हलगी एकदम थांबते आणि ढोलकी एकटीच पुढं जाते. ऐकणाऱ्याचा उचललेला पाय तसाच राहतो. आठव्याला हलगी परत येते आणि पाय खाली टेकतो. एवढंच आहे ते. पण चहा द्यायला आत गेलेली मी कप हातात धरून उभी राहिले होते. ठेका संपल्यावर मिस्त्रींनी काठ्या खाली ठेवल्या आणि काहीच म्हणाले नाहीत. बसलंसुद्धा म्हणाले नाहीत.

दोन वर्षांत तो सतरा जणांनी नेला. त्यावर भजनं झाली, जयंतीची गाणी झाली, एका लग्नातलं उखाण्यांचं गाणं झालं, सरपंचाचा प्रचारही झाला. जो तो आपल्या पद्धतीनं ओतत होता.

मग मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला. कुठल्याशा जत्रेत त्यानं तो ठेका ऐकला होता आणि विचारत विचारत आमच्या दारापर्यंत पोचला होता. त्याला एक्केचाळीस हवा होता, पण कायमचा आणि एकट्याला. मिस्त्रींनी लगेच नकार दिला. सतरा जणांनी नेलाय, विषय संपला. त्या माणसानं पैशाचं बोलून पाहिलं, मिस्त्री भुसा झटकत बसले. शेवटी तो उठता उठता म्हणाला की कॅसेटच्या कव्हरवर तुमचं नाव येईल, ठळक, गायकाच्या खाली.

मिस्त्रींचे हात थांबले.

ते का थांबले हे मला माहीत होतं. पॅटर्नवर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत बसवावं लागतं, म्हणजे ते प्रत्येक नगावर येतं. ती बारीक अक्षरं मिस्त्री स्वतः चिकटवायचे. बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं. आमच्याकडून गेलेल्या कॅसेटांवरही गाणाऱ्याचं नाव असायचं, मंडळाचं, फोटो असेल तर अध्यक्षांचं. ठेका करणाऱ्याचं नाव कुणी घातलं नव्हतं आणि मिस्त्रींनी मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वैनी, तुमच्या कागदावर काय येतंय?"

मी पुन्हा दोन बाजू काढल्या. या वेळी नावाची बाजू जड झाली. सही करा, असं मी त्यांना सांगितलं. हे मी इथं लिहून ठेवते, कारण सांगितलं मी होतं.

करारात होतं की ठेका यापुढे कुणाला द्यायचा नाही, आधी नेलेल्यांचा वापर थांबवायचा आणि एकही प्रत जवळ ठेवायची नाही. कंपनीचा माणूस हसत म्हणाला होता की हे सगळ्याच कागदांत असतं, खेड्यापाड्यांत जुन्या कॅसेटा कोण शोधत बसतंय, नवीन देऊ नका म्हणजे झालं. मिस्त्रींनी सही केली आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "यादी काढा."

मी सतरा नावांची यादी काढली, तालुक्याप्रमाणे लावून दिली, म्हणजे एका फेरीत दोन-तीन गावं होतील. चार महिने प्रत्येक सुट्टीला ते एसटीनं जायचे. जाताना पिशवीत दुसरा एखादा ठेका घेऊन जायचे, त्याच्या बदल्यात एक्केचाळीस परत मागायचे. लोक देत होते. कुणी चिडलं, कुणी जेवू घातलं. राधानगरीकडच्या एका भजनी मंडळाच्या म्होरक्या बाईंनी त्यांना चांगलं अडवलं. त्या म्हणाल्या, "पावणं, कॅसेट न्या की. पर आमच्या म्हाताऱ्यास्नी टाळ्या पाठ झाल्यात. त्या कशा नेणार?"

मिस्त्री परत आल्यावर त्यांनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. टाळ्यांचं काय लिहायचं? मी करार पुन्हा वाचला आणि सांगितलं की कागदात फक्त ध्वनिमुद्रणाचं आहे. ते बरं म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

परत आणलेली प्रत्येक कॅसेट ते आमच्या मशिनवर पुसायचे. पुसायला तेवढाच वेळ लागतो जेवढा वाजायला. ते स्टुलावर बसून मशिनवरचा आवाजाचा काटा हलत नाही ना ते बघत राहायचे. सतरा झाल्या. मी सतरा खुणा केल्या. मास्टर, म्हणजे मूळ टेप, कंपनीला गेली. आमच्याकडची एक प्रत राहिली होती. आमचे हे म्हणाले, मिस्त्री, एक राहू द्या, कपाटात पडून राहील, तुमच्या घरच्यांसाठी. मिस्त्रींनी तीही मशिनला लावली.

"गिऱ्हाइकानं पॅटर्न न्यायचं म्हटलं की फळीवरची जागा रिकामी झाली पाहिजे," ते म्हणाले. "एक बी नग मागं ठिवायचा न्हाय."

मुंबईची कॅसेट निघाली नाही. आधी पुढच्या लॉटमध्ये आहे म्हणाले, मग गायक बदलणार म्हणाले. मी दर महिन्याच्या पाच तारखेला फोन करायचे. आधी आलेला माणूस नोकरी सोडून गेला. नंतर आलेल्याला एक्केचाळीस काय ते माहीत नव्हतं. मिस्त्री आले की हात धुता धुता विचारायचे, "आलं का?" मी नाही म्हणायचे. ते ऑक्टोपॅडकडे जायचे. दीडेक वर्षानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. मग मीही फोन करणं बंद केलं. त्याच्या पुढच्या वर्षी सहज लावून पाहिला तर तो नंबर कुठल्या तरी पडद्यांच्या दुकानात लागला.

मी मिस्त्रींना सांगितलं की कंपनी राहिलेली नाही. तुम्हाला ठेका तोंडपाठ आहे, हात शाबूत आहेत, परत वाजवा, आम्ही अर्ध्या तासात घेतो. ते स्टुलावरून उठले नाहीत.

"हात हायत," ते म्हणाले. "पण सही बी हाय."

पुढं सीडी आल्या, मग कॉम्प्युटर आला, लोक तयार ठेके कुठून कुठून आणू लागले. मिस्त्रींचे नंबर एकोणसाठपर्यंत गेले. बेचाळिसापासून पुढचे ठेके नीट होते, मापात होते. लोक नेत होते. त्यांनी बजावणं सोडलं नव्हतं, पण "कळलं का" विचारायचं सोडलं होतं. फाउंड्रीतून ते निवृत्त झाले आणि आमच्याकडे येणं महिन्यातून एकदावर आलं.

माझ्या बहिणीची मुलगी सुनंदा गारगोटीला शाळेत शिक्षिका आहे. एका डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. गॅदरिंगची तयारी चालली होती, मैदानावर मुली लेझीम खेळत होत्या. फाटकातून आत जाताना माझा पाय उचललेला तसाच राहिला.

एक्केचाळीस होता. टेप ताणली गेली होती, आवाज थोडा लोंबत होता, पण तोच. तेव्हा मला आठवलं की ठेका झाला त्या पहिल्याच वर्षी सुनंदानं तो शाळेसाठी माझ्याकडे मागितला होता आणि मी स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता, तिला एक प्रत दिली होती. घरचं माणूस म्हणून वहीत लिहिलं नव्हतं. शाळा दरवर्षी त्याच्यावर लेझीम बसवत होती. माझी यादी चुकली होती. माझ्या वहीत अशी चूक आधी झाली नव्हती.

कोल्हापूरला आल्यावर मी मिस्त्रींना सांगितलं. न सांगताही भागलं असतं. ह्यांचं मत तेच होतं. पण यादी चुकली की ती दुरुस्त करायची, एवढंच मला येतं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं का, ते आता नक्की सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, "गॅदरिंग कवा हाय?" मी तारीख सांगितली. म्हणाले, त्याच्या आत जाऊन यायला पाहिजे.

त्यांच्या घरी दुखणं निघालं, त्यामुळे जायला शेवटचाच दिवस उरला, गॅदरिंगचा आदला. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण चूक माझी होती. एसटीत ते खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी.

मैदानावर तालीम चालू होती. साठ-सत्तर मुली, चार रांगा. मिस्त्री आत गेले नाहीत, कंपाउंडच्या भिंतीशी थांबले. ठेका सुरू झाला. सहाव्या मात्रेला सगळ्या मुलींचे पाय वर राहिले, सगळ्या लेझमा हवेत, एकही वाजली नाही. आठव्याला सगळ्या एकदम खाली आल्या. मिस्त्रींनी पूर्ण ठेका ऐकला. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. हात भिंतीवर होता, बोटं हलली नाहीत. संपल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "बसलं."

मग ते आत गेले आणि सुनंदाला सगळं नीट सांगितलं. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. "मामा, उद्या कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "दोन महिने पोरी राबल्यात. परवा घेऊन जा, मी स्वतः आणून देते मावशीकडं."

"आजपर्यंत वाजलं ते मला म्हाईत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "उद्या वाजलं तर मी ठाऊक असून वाजीवलं असं हुईल, बाई."

त्यांनी पिशवीतून एकोणसाठ नंबर काढून तिला दिला. सुनंदानं टेपरेकॉर्डर उघडून कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. ती माझ्याशी बोलली नाही, पुढंही बरेच महिने बोलली नाही. आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा मागं मैदानावर शिट्टी वाजत होती आणि तिच्यावर मुली मोजून मोजून पाय टाकत होत्या.

मला वाटलं ते कॅसेट घरी नेऊन पुसतील. पण मशिनवर पुसायच्या त्या त्यांनी स्वतः दिलेल्या. ही त्यांनी दिलेली नव्हती, म्हणून पुसायचीही त्यांची नव्हती. ते सरळ पोस्टात गेले. कंपनी बंद आहे, त्या पत्त्यावर आता कुणी नाही, हे मी त्यांना पायरीवर पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पत्ता पाठ होता तो लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला, कारण यादी माझ्याकडे असते. पार्सल तीन आठवड्यांनी माझ्याकडे परत आलं. मी ते फोडलेलं नाही. मी निरोप पाठवला होता, पण मिस्त्री ते बघायला आले नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात वारले. मला आठ दिवसांनी कळलं.

पोस्टाच्या खिडकीपाशी मात्र ते मला दिसतात. पार्सल दोन्ही हातांनी आत सरकवलेलं, कानावर पेन्सिल. आतल्या कारकुनानं ते हलवून पाहिलं आणि विचारलं, काय आहे यात. मिस्त्री म्हणाले, कॅसेट. कारकुनानं शिक्का उचलता उचलता, सहज म्हणून विचारलं, "तुमची का?"

मिस्त्रींनी कंपनीच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"न्हाय," ते म्हणाले. "ह्यांची."